‘वळणे’ या शब्दाच्या चिठ्ठ्या

३ मार्च

भाजीच्या हिशेबाची वही मागून कोरी होती. ती उलटी करून आजपासून इथे लिहिणार. पुढून आकडे, मागून मी. मधोमध गाठ पडली की नवी वही घेऊ.

हे लिहिण्याचं खूळ मास्तरांमुळे. खालच्या मजल्यावरचे मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून शब्दकोश करताहेत. पुस्तकातल्या शब्दांचा नाही, बोलण्यातल्या शब्दांचा. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, स्वतः लिहिलेलं स्वतःलाच दिसत नाही. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण माझं अक्षर पाहून त्यांनी बोलावलं. पाठकोऱ्या पावत्यांचे तुकडे कापून मी चिठ्ठ्या केल्या. नवा कागद कशाला नासायचा?

त्यांचा नियम असा : “वहिनी, वाक्य बनवायचं नाही. ऐकायचं. घरात, दुकानात, जिन्यावर कुणी खरोखर बोललेलं. कोण बोललं, कुणाला, कशावरून. नाव नको, नातं नाहीतर धंदा लिहा. आणि तारीख. तारखेशिवाय चिठ्ठी म्हणजे केर.”

या महिन्याचा शब्द ‘वळणे’. मला वाटलं, चार चिठ्ठ्यांत आटपेल. गाडी वळली, रस्ता वळला, संपलं. मास्तर हसले. म्हणाले, “महिना पुरला तर मला सांगा.”

५ मार्च

खरंच पुरायचा नाही. काल रात्री जेवताना हे बोलत होते. हे पाणीखात्यात आहेत. कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, त्या चाव्या यांच्या हातात. सांगत होते, “सकाळी टेकडीकडचं पाणी तासभर बाजाराकडे वळवलं, तर टेकडीवरच्या बायका हंडे घेऊन थेट ऑफिसात! माझी तर बोबडीच वळली.”

एका दमात दोन! मी डाव्या हातानं पेन्सिल घेतली.

“घास तरी गिळू दे बाई,” हे म्हणाले.

“इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून पहिल्यांदा काही कामाचं निघालं. थांबा, काय म्हणालात? ‘बोबडीच’ की ‘बोबडी’?”

यावर आमच्या मुलीची हसून हसून मुरकुंडी वळली. म्हणजे तिसरी चिठ्ठी. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर काड्या बसवून येते आणि घरी गप्प असते. हे तिला ‘साहेब’ म्हणतात. साहेब हसल्या म्हणून हेही हसले, आणि हसण्याच्या भरात बोलून गेले, “चला, तो पळपुटा गेल्यापासून आज पहिल्यांदा घरात हसू आलं.”

झालं. तिनं ताट उचललं. पळपुटा म्हणजे तिच्या मनात होता तो मुलगा. पुलांचे आराखडे काढणारा. गेल्या पावसाळ्यात न सांगता, न भेटता लांबच्या कामावर निघून गेला. निदान घरात सगळे तसं समजतात.

९ मार्च

‘माघारी वळणे’ याला वाक्य मिळेना. तीन बनवून नेली. मास्तरांनी एकेक ऐकली.

“‘सायंकाळ होताच गुरे माघारी वळली.’ वहिनी, तुमच्या घरी गुरं आहेत?”

“नाहीत.”

“मग कुणाची पाहिलीत?”

“शाळेच्या पुस्तकातली.”

“ती तिथेच चरू द्या.”

घरी आले, भांडी घासली, जपाला बसले, तर जपातही तेच शब्द. माघारी वळ. कारण खरं वाक्य माझ्याजवळ होतं. तारखेसकट. माझंच.

इथे लिहूनच टाकते. गेल्या वर्षी दोन ऑगस्टला दुपारी तो मुलगा आला होता. बूट चकचकीत, हातात टोपी. मुलगी दुकानात वर्षाचा माल मोजायला गेलेली, हे कामावर. म्हणाला, तीन दिवसांच्या प्रवासावर नव्या पुलाचं काम मिळालंय, निघायच्या आधी रीतसर मागणी घालायला आलो. मी त्याला आत बोलावलं नाही. म्हटलं, “ती आता तुझ्याकडे वळायची नाही. तिनंच सांगितलंय. पत्रंबित्रं धाडू नकोस. आलास तसा माघारी वळ.”

“तिनं स्वतः सांगितलं?” त्यानं विचारलं.

मी “हो” म्हटलं.

संध्याकाळी तिनं घरात पाऊल टाकताच विचारलं, “कुणी आलं होतं?” मी “नाही” म्हटलं. त्यानं तिला त्या दिवशी यायचा शब्द दिला होता, हे मला नंतर समजलं.

एकुलती एक पोर. तीन दिवसांवर गेली तर आजारपणाला तरी तोंड दिसेल का? त्याच सकाळी मी देवाला हात जोडून मागितलं होतं, माझं लेकरू माझ्या नजरेसमोर ठेव. आणि दुपारी दारात तो, घरात मी एकटी. मी तो कौल धरला. एरवी मी खोटं बोलत नाही. भाजीवाल्यानं एक काकडी जास्त टाकली तरी परत करते.

१० मार्च

चिठ्ठी लिहिली.

‘आलास तसा माघारी वळ.’ — आई, मुलीला मागणी घालायला आलेल्या मुलास, दारात. २ ऑगस्ट.

नाव नाही, गाव नाही. असल्या आया हजार असतील. गठ्ठ्यात मधोमध घातली. मास्तरांना तर दिसतच नाही, आणि कोश छापून होईपर्यंत आम्ही कोण कुठे. खरं सांगते, सात महिन्यांत आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं. देवापुढे बसूनही जे हलकं झालं नव्हतं ते पावतीच्या पाठीवर उतरलं.

१६ मार्च

मास्तरांच्या एका डोळ्याचं काल ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी, दिवसातून तीनदा थेंब. सकाळी, दुपारी मी घालते. संध्याकाळची पाळी मुलीला लावून दिली. दुकानातून येताना त्यांचं दार वाटेतच आहे, आणि डोळ्यांचं तिला कळतं. तिनं हो-नाही केलं नाही. एकट्या माणसाची सेवा, पुण्यच लागेल.

१९ मार्च

थेंबांना दोन मिनिटं लागतात. ही तासानं वर येते. विचारलं तर म्हणाली, “मास्तर वाचून दाखवायला सांगतात.” बरंच आहे. त्यांना पेपराशिवाय करमत नाही.

आज दुपारी तेही म्हणाले, “तुमच्या मुलीचा आवाज फार स्पष्ट आहे हो. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं.”

मी म्हटलं, माझ्यावर गेली आहे.

दरम्यान एक चांगली गोष्ट. पलीकडच्या गल्लीतल्या छापखानेवाल्यासाठी त्याची आई आमच्या मुलीबद्दल विचारत होती. शांत मुलगा. स्वतःची दोन यंत्रं. आमच्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते. आवाज दिला तर ऐकू जाईल. मी मुलीच्या कानावर घातलं. नाही म्हणाली नाही.

२३ मार्च

आज ती खालून आली ती सरळ पलंगावर. जेवली नाही. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

“आई, गेल्या वर्षी मी माल मोजायला गेले होते, त्या दिवशी तू घरीच होतीस ना?”

माझ्या हातातली पळी थांबली. “घरीच. मी कुठे जाणार?”

“कुणी आलं नव्हतं?”

“कोण येणार?”

ती म्हणाली, “हो. कोण येणार.”

दुकानात पुन्हा माल मोजायचा घाट घातला असेल, त्यावरून तिला आठवलं असावं. मी खोटं बोलले नाही. कोण येणार, असं फक्त विचारलं. तरी आज माळेचे मणी दोनदा चुकले.

२७ मार्च

मन वळणं काय असतं ते आता दिसतंय. आज हे नेहमीसारखे पळपुट्यावर घसरले, तर ती शांतपणे म्हणाली, “बाबा, त्याला तसं नका म्हणू. तो आला नाही हे आपल्याला कुठे माहीत आहे?”

“म्हणजे? आला असता तर तुझ्या आईला दिसला नसता?”

“आईला विचारा.”

हे माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गं?”

मी म्हटलं, “झालं गेलं कशाला उकरायचं?” आणि यांना भाजी वाढली.

पण मला बरं वाटलं. तिचा त्याच्यावरचा राग गेलाय. राग गेला की माणूस मोकळं होतं आणि दुसरीकडे बघायला लागतं. दुपारी जाऊन छापखानेवाल्याच्या आईला पुढच्या रविवारचं सांगून आले.

३१ मार्च

रविवारचं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “येऊ देत. रविवारपर्यंत वेळ आहे.”

मी देवापुढे बसले तर शेजारी येऊन बसली. किती वर्षांनी! गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. म्हणाली, “आई, रविवारच्या आधी तुला मला काही सांगायचंय का?”

“सांगायचंय ना. ते निळं नेस. पिवळ्यात तू आजारी दिसतेस.”

“आणखी काही?”

“आणि बोलताना मान खाली घालू नकोस, त्यांना वाटेल लाजाळू आहे. धंदा करणाऱ्या घरात लाजून कसं चालेल?”

ती उठली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिची मुलगी असल्यासारखा. पोर शहाणी झाली. देवा, तुझे उपकार.

३ एप्रिल

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शनिवारचं दुकान अर्धा दिवस. दुपारी दोनला आली. मी उद्यासाठी चांगले कप काढून धूत होते. ती म्हणाली, “कप ठेव आई. उद्या कुणी येणार नाही. मी सकाळीच त्यांच्याकडे जाऊन सांगून आले.”

“अगं पण का?”

“‘आलास तसा माघारी वळ. आई, मुलीला मागणी घालायला आलेल्या मुलास, दारात. दोन ऑगस्ट.’” पाठ म्हणावं तसं म्हणाली. “चांगलं लिहितेस तू. एक शब्द जास्त नाही.”

मी खाली बसले. ओल्या फरशीवरच.

“मी मास्तरांना चिठ्ठ्याच वाचून दाखवते, आई. पेपर नाही. रोज पन्नास. तू काय समजलीस?”

मी काय समजले ते मला आता सांगता येणार नाही.

“अकरा दिवस थांबले. तीनदा विचारलं. तुला सांगायला सोपं जावं म्हणून कसंकसं विचारलं. तू मला काय सांगितलंस? निळं नेस.”

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी. मी म्हटलं, लांब होतं फार. मी म्हटलं, सकाळी देवाला मागितलं होतं आणि दुपारी त्यानंच…

“देवाला यात ओढू नकोस. दार तू उघडलंस.”

“मी जाते. त्याच्या आईवडिलांकडे जाते, पाया पडते, सगळं सांगते.”

“तू माझ्यासाठी आता कुणाच्या दारात जायचं नाहीस.” आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. “संध्याकाळी बाबा येतील. त्यांना तू सांगायचं. माझ्यासमोर.”

४ एप्रिल

सांगितलं. हे चहा पीत होते.

“म्हणजे तो आला होता,” हे म्हणाले.

“हो.”

“आणि मी आठ महिने…” कप अर्धा ठेवून बूट घातले आणि पाळी नसताना पाण्याच्या टाकीवर निघून गेले. आज दिवसभरात माझ्याशी दोनच वाक्यं. सकाळी “पाणी आलंय.” नंतर “पाणी गेलं.”

६ एप्रिल

मास्तरांवर जाऊन भडकले. कुणावर तरी भडकायचं होतं. म्हटलं, “परक्याच्या घरची चिठ्ठी तुम्ही पोरीला वाचायला दिलीतच कशी?”

पट्टी सुटलीय त्यांची. नव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाले, “त्यावर नाव नव्हतं, वहिनी. मला काय कळणार? ती वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, पुढे. ती म्हणाली, पुढे काही नाही. मग पुढची चिठ्ठी घेतली. पन्नास पुऱ्या करूनच उठली.”

मी म्हटलं, “ती चिठ्ठी मला परत द्या.”

“देतो. पण फाडलीत तरी ते वाक्य बोललं गेलंच आहे ना?”

त्यांनी चिठ्ठ्यांची पेटी पुढे सरकवली. मी हात घातला नाही. घरी येताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वाटत होतं, लिहिली नसती तर? मग वाटलं, बोलले नसते तर? आणि खरं सांगू, त्याच्याही तळाशी अजून एक आहे : तो आलाच नसता तर किती बरं झालं असतं. हे लिहायची लाज वाटते. पण इथे तरी खरं लिहिते.

९ एप्रिल

पुलाच्या कंपनीच्या ऑफिसातून तिनं त्याचा पत्ता आणला. कागद, लेखणी माझ्यापुढे ठेवली. “तू लिही. मी नाही. मी लिहिलं तर त्याला वाटेल मी आता विनवतेय.”

मी चार पानं लिहिली. माझी आई कशी लवकर गेली, एकुलत्या एक लेकीच्या आईची रात्र कशी सरते, देवाची इच्छा. तिनं उभ्यानंच वाचली.

“आई, यात तू किती आहेस बघ. तो कुठे आहे?”

दुसरं एक पान. त्यात ‘गैरसमज’ असा शब्द होता.

“गैरसमज कुणाचा झाला होता? तुझा?”

तिसरं फाडलं मीच.

११ एप्रिल

आज झालं. असं लिहिलंय : ‘दोन ऑगस्टला मी तुला सांगितलं की मुलीनं नकार दिला आहे. ते खोटं होतं. ती घरी नव्हती, तिला काहीच माहीत नव्हतं. तू आला होतास हे मी तिला सांगितलं नाही. ते तिला आता माझ्या लिहिण्यातून कळलं.’ खाली सवयीनं ‘आशीर्वाद’ लिहिलं होतं. त्यावर तिनं नख टेकवलं. मी खोडलं.

पाकीट तिनंच पोस्टाच्या पेटीत टाकलं. मी विचारलं, “तुला अजून तो हवाय का गं?”

“माहीत नाही. आणि कळलं तरी ते आधी तुला कळणार नाही.” मग चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता, “उत्तर आलं तर उघडू नकोस.”

ऐकून मला कुठेतरी आत लागलं. तिला हे सांगावं लागावं! आणि लगेच मनात आलं, न सांगता ती निर्धास्त कशी राहील?

१५ एप्रिल

देवापुढे बसते, काही मागत नाही. मागायची भीती वाटते. नुसती बसते.

मुलगी जेवायला वाढते, कपडे वाळत घालते, विचारलं तेवढं बोलते. घरात पाहुणी असावी तशी नीट वागते.

२२ एप्रिल

पोस्टमन दुपारी तीनला आला. जाड पाकीट, लांबच्या गावाचा शिक्का, सरळ रेषांचं अक्षर. आराखडे काढणाऱ्याचं असावं तसं.

तिच्या टेबलावर ठेवलं. तिकडे पाठ करून भाजी निवडायला बसले. पाच मिनिटांत टेबलाशी होते. पाकीट हातात. डिंक एका कोपऱ्याला नीट चिकटला नव्हता. उजेडाला धरलं तर दोन कागद दिसतात, शब्द दिसत नाहीत. जाड आहे म्हणजे नकार नसेल. नकाराला दोन कागद कशाला लागतील? की राग आहे दोन कागदभर? नकार असेल तर तिला एकटीनं अचानक वाचायला नको, आई म्हणून आधी मला ठाऊक असलेलं बरं… इथवर आले, आणि हा आवाज ओळखीचा वाटला. दोन ऑगस्टला दार उघडताना मी स्वतःशी ह्याच आवाजात बोलले होते.

पाकीट जागेवर ठेवलं. ही वही आणि पेन्सिल घेतली, दाराबाहेर आले, कुलूप लावलं आणि किल्ली खाली मास्तरांकडे नेऊन दिली. म्हटलं, “मुलीशिवाय कुणाला देऊ नका. मी मागितली तरी नाही.” त्यांनी ती खिशात टाकली.

आता जिन्यावर बसून लिहितेय. शेजारीण वर जाता जाता म्हणाली, “काय हो, घराबाहेर काढलं वाटतं?”

“आत फार उकडतंय,” मी म्हटलं.

“मग दार उघडं ठेवा की!”

साडेचार. पाच. पायरी टोचते. आत नळ चालू राहिलाय का, असं तीनदा वाटलं. कान देऊन ऐकलं, नाही.

सव्वापाचला हे आले. बुटांना चिखल, हातात चाव्यांचा जुडगा. मला तसं बसलेलं पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. मी म्हटलं, “तिचं पत्र आलंय. आत आहे. किल्ली मास्तरांकडे आहे.”

अठरा दिवसांत मी यांच्याशी बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य. हे उभे राहिले. दिवसभर उन्हात उभं राहून आलेलं माणूस, तहान लागलेली असणार. मला वाटलं, आता खाली जातील, किल्ली घेऊन येतील.

माझ्या खालच्या पायरीवर बसले आणि बुटांचे बंद सोडायला लागले.

ती सहाला येते.